हुकुमतपनाह रामचंद्रपंत

कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूर गाव मागे टाकून पश्चिमेकडे निघाले, की सह्याद्रीच्या रांगा लागतात. त्या रांगांत विशाळगड उभा आहे. स्वराज्याच्या अत्यंत बिकट काळात सारा राज्यकारभार या गडावरून चालत असे. तो चालविणारे थोर मुत्सद्दी म्हणजे रामचंद्रपंत अमात्य होत.

त्यांचे वडील निळो सोनदेव हे शिवछत्रपतींच्या सेवेत होते. १६७४ साली राज्याभिषेक झाला, तेव्हा तरुण रामचंद्रपंतांस अष्टप्रधानांत अमात्यपद मिळाले. सरदारांस मुलूख तोडून न देता रोख वेतन द्यावे, ही महाराजांची रीत त्यांनी जवळून पाहिली. मुलूख ज्याच्या हाती, त्याच्याच हाती फौज जाते, हे महाराज पुरते जाणून होते.

१६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला व रायगडही शत्रूच्या हाती पडला. राजाराम महाराजांस दूर जिंजीस जावे लागले. त्यांनी रामचंद्रपंतांस हुकुमतपनाह हा किताब देऊन महाराष्ट्राचा सर्वाधिकार सोपविला. राजा दूर, खजिना रिता आणि औरंगजेब तर सरदारांस वतनांची लालूच दाखवीत होता! तेव्हा स्वराज्याकडूनही वतने देणे भाग पडले. संताजी, धनाजींसारख्या वीरांच्या फौजा चोहीकडे लढू लागल्या. १६९८ साली राजाराम महाराज विशाळगडी परतले, तेव्हा स्वराज्य जिवंत होते. वतनांवाचून ते तगले असते, असे वाटत नाही.

मात्र त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १७०७ साली औरंगजेब मरण पावला, शाहू महाराज सुटून आले आणि गादीचा तंटा उभा राहिला. कित्येक सरदार आपल्या वतनाचे हित पाहून पक्ष बदलू लागले. वृद्ध रामचंद्रपंत कोल्हापूरच्या पक्षात राहिले. १७१५ साली त्यांनी आज्ञापत्र हा राजनीतीवरील ग्रंथ सिद्ध केला. वतनदार हे राज्याचे वाटेकरीच असतात. परचक्र येताच वतनाच्या लोभाने ते शत्रूस मिळतात. म्हणून नवी वतने देऊ नयेत, असे त्यात सांगितले आहे. जुनी वतने मात्र एकदम हिरावून घेऊ नयेत, वतनदारांस धाकात व मर्यादेत ठेवावे, असेही ते बजावतात. वतने वाटण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांचाच हा सल्ला होता.

पुढे लवकरच त्यांचा अंत झाला. त्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर होती. विशाळगडची जहागीर प्रतिनिधींकडे गेली व कालांतराने तिचे ठाणे मलकापुरास आले. या दोन्ही जहागिरी देश स्वतंत्र होईपर्यंत टिकून होत्या. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.