विश्लेषण : भात, पाणी, चंद्र… कोरियन लिपी घडवणारे राजा सेजोंग कोण होते?

कोरियन शिकणाऱ्याच्या वहीतले पहिले शब्द आणि ५७५ हून अधिक वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकातले शब्द सारखेच कसे? त्यामागे आहे एका राजाचे आयुष्य, त्यांचा दरबाराशी झालेला संघर्ष आणि साध्या माणसाची बोली.

कोरियन मालिका पाहता पाहता भाषा शिकू लागलेल्यांच्या वहीत पहिल्या पानावर साधारण तेच शब्द असतात. ‘अन्यंग हासेयो’ म्हणजे नमस्कार, ‘गामसा हामनिदा’ म्हणजे धन्यवाद, ‘मुल’ म्हणजे पाणी आणि मराठी कानाला गंमत वाटावी असा ‘बाप’ म्हणजे भात. यातले पाणी आणि भात हे शब्द १४४६ मध्ये तयार झालेल्या एका पुस्तकातही आहेत. नवी लिपी कशी वापरायची हे दाखवण्यासाठी त्यात रोजच्या वापरातले ९४ शब्द उदाहरणादाखल दिले आहेत. ही लिपी घडवली जोसन घराण्याचे चौथे राजे सेजोंग यांनी.

धाकटा मुलगा राजा कसा झाला?

सेजोंग यांचे मूळ नाव यी दो. त्यांचा जन्म १३९७चा. राजा थेजोंग यांचे ते तिसरे पुत्र, त्यामुळे गादीवर त्यांचा हक्क नव्हता. मात्र थोरल्या भावाचे वागणे वडिलांना पसंत पडेना. १४१८ मध्ये त्याला युवराजपदावरून दूर करण्यात आले आणि अभ्यासू यी दो यांची निवड झाली. त्याच वर्षी वडिलांनी गादी सोडली. नवे राजे तेव्हा २१ वर्षांचे होते. लष्कराची सूत्रे मात्र १४२२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, वडिलांनी आपल्याच हाती ठेवली.

सेजोंग यांनी १४२० मध्ये ‘जिफ्यंजन’ या विद्वानांच्या संस्थेला नवे रूप दिले. तरुण विद्वानांना तिथे वाचन आणि संशोधनासाठी नेमले जाई. पुढे लिपीचे पुस्तक याच संस्थेतून आले आणि लिपीला सर्वात कडवा विरोधही याच संस्थेतून झाला.

त्यांचा कारभार कसा होता?

१४२९ मध्ये त्यांनी शेतीवर एक पुस्तिका काढली. चिनी ग्रंथांवर विसंबून न राहता प्रांतोप्रांतीच्या अनुभवी शेतकऱ्यांना विचारून ती तयार झाली होती. १४३० मध्ये जमीन महसुलाची नवी पद्धत आणण्याआधी अधिकाऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सुमारे १ लाख ७० हजार लोकांचे मत घेतले गेले. होकार जास्त आले, तरी विरोधही मोठा होता. म्हणून घाई न करता अनेक वर्षे त्या पद्धतीत दुरुस्त्या होत राहिल्या. गुलाम म्हणून जन्मलेल्या जांग यंग-शिल या कारागिराला त्यांनी दरबारात स्थान दिले. आपोआप वेळ सांगणारे त्याचे पाण्याचे घड्याळ १४३४ मध्ये राजवाड्यात सुरू झाले.

सरकारी गुलाम स्त्रियांना बाळंतपणानंतर जेमतेम सात दिवसांची सुटी मिळे. १४२६ मध्ये ती १०० दिवसांची झाली. १४३० मध्ये प्रसूतीआधीचा एक महिना त्यात वाढवला गेला आणि १४३४ मध्ये बाळंतिणीची काळजी घेण्यासाठी पतीलाही ३० दिवस मिळू लागले. गुलामगिरी मात्र सेजोंग यांनी रद्द केली नाही. ती त्यांच्यानंतरही कित्येक शतके चालू राहिली.

नव्या लिपीची गरज का वाटली?

त्या काळी कोरियात लोक बोलत कोरियन आणि लिहीत चिनी. दोन्ही भाषांची घडण पूर्णपणे वेगळी. हजारो चिनी चिन्हे शिकायला वर्षानुवर्षे लागत आणि ती सवड फक्त उच्चकुलीनांकडे असे. १४२८ मध्ये जिंजू येथे एकाने आपल्या वडिलांचा खून केल्याची बातमी दरबारात आली. राजे अस्वस्थ झाले. लोकांना नीतीचे धडे द्यावेत म्हणून १४३४ मध्ये सदाचरणाच्या कथांचे पुस्तक छापले गेले. मजकूर चिनीत असल्याने सामान्यांना समजावे यासाठी प्रत्येक कथेला चित्र जोडले होते. पण चित्रावरून कथा किती कळणार? कायद्याचेही तेच होते. आपल्याविरुद्ध कागदावर काय लिहिले आहे हे आरोपीला वाचता येत नसे.

लिपी कशी घडली?

चांद्र पंचांगानुसार १४४३ च्या अखेरच्या महिन्यात दरबारी बखरीत एक छोटी नोंद आढळते : राजांनी स्वतः २८ अक्षरे तयार केली. त्याआधी या कामाचा कुठे गाजावाजा नव्हता.

या अक्षरांमागचे तत्त्व मराठी वाचकाला जवळचे वाटेल. देवनागरीत कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णांची मांडणी उच्चाराच्या जागेनुसार असते. सेजोंग यांनी त्यापुढे जाऊन अक्षराचा आकारच उच्चाराच्या अवयवावरून घेतला. ‘म’चे अक्षर तोंडासारखे चौकोनी, ‘न’चे अक्षर टाळूकडे वळलेल्या जिभेसारखे, तर घशाचे अक्षर गोल. ‘ग’च्या अक्षरात एक रेघ वाढवली की ‘ख’ होतो. उच्चारांच्या या वर्गीकरणाचा धागा भारताशीही जुळतो. सेजोंग यांनी अभ्यासलेल्या चिनी ध्वनिशास्त्रावर बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा प्रभाव होता.

विरोध कोणी आणि का केला?

१४४४ च्या सुरुवातीलाच जिफ्यंजनचे ज्येष्ठ अधिकारी छ्वे मान-री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजांकडे लेखी विरोध नोंदवला. वेगळी लिपी फक्त मंगोल, जपानी अशा ‘रानटी’ लोकांची असते, चीनच्या संस्कृतीपासून फारकत घेणे लाजिरवाणे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. न्याय मिळणे हे लिपीवर नव्हे तर तुरुंगाधिकाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असते, असेही त्यांनी सुनावले. हा दुसरा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. संतापलेल्या राजांनी सगळ्यांना कोठडीत टाकले आणि बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी सोडले. काम मात्र थांबले नाही.

तोवर राजांची दृष्टी अधू झाली होती. डोळ्यांवर उपचारासाठी ते छोजंगच्या झऱ्यावर गेले, तेव्हाही लिपीचे काम सोबत होते. घरातही एकामागून एक आघात झाले. १४४४ आणि १४४५ मध्ये दोन तरुण मुलगे गेले, १४४६ च्या वसंतात राणी सोहन यांचे निधन झाले. त्याच वर्षी शरदात लिपी जाहीर झाली. पुढल्या वर्षी राणीच्या स्मरणार्थ गौतम बुद्धांचे चरित्र नव्या लिपीत तयार झाले. १४५० मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी सेजोंग यांचे निधन झाले.

त्या ९४ शब्दांत काय आहे?

जंग इन-जी यांच्यासह आठ विद्वानांनी १४४६ मध्ये लिपीचे स्पष्टीकरण लिहिले. विद्वानांसाठीचे हे पुस्तक चिनीत होते, पण उदाहरणे अस्सल बोलीतली. त्यात राजा नाही, दरबार नाही. आहेत ते भात, पाणी, गाय, भातखाचर, विळा, खुरपे, पातीचा कांदा, रेशमाचा किडा, काजवा, चंद्र आणि तारा. ‘जोंग’ म्हणजे गुलाम, हाही शब्द आहे. ज्यांच्यासाठी लिपी केली, त्यांचे घर, शेत आणि स्थान या यादीत दिसते.

काही शब्दांचे उच्चार आता बदलले, काही शब्द हरवले. छत्रीसाठीचा ‘श्युरुप’ हा शब्द बोलण्यातून गेला. २०२२ मध्ये तो परतला, तो ‘अंडर द क्वीन्स अंब्रेला’ या मालिकेचे मूळ कोरियन नाव म्हणून.

पुढे लिपीचे काय झाले?

उच्चभ्रूंनी तिला हलके मानले. स्त्रियांनी मात्र पत्रांतून ती जपली. १५०४ मध्ये राजा यनसानगुनविरुद्ध याच लिपीत पत्रके लागली, तेव्हा त्याने तिच्यावर बंदी घातली. सरकारी कागदपत्रांत तिला अधिकृत मान मिळायला १८९४ उजाडले. १९४० मध्ये, जपानी राजवटीत कोरियन भाषेची गळचेपी सुरू असताना, १४४६ च्या पुस्तकाची प्रत सापडली. संग्राहक जन ह्यंग-फिल यांनी ती विकत घेऊन जपली. अक्षरांचे आकार कशावरून घेतले, हे या प्रतीमुळे निर्विवाद सिद्ध झाले. १९९७ मध्ये युनेस्कोने या पुस्तकाची जागतिक स्मृती वारशात नोंद केली. आज दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबर हा हंगुल दिन असतो, तर सेजोंग यांचा जन्मदिवस १५ मे हा शिक्षक दिन असतो.

नवशिक्यांनी कुठून सुरुवात करावी?

आधी अक्षरे, मग शब्द. मूळ २८ पैकी आज २४ अक्षरे वापरात आहेत. त्यानंतर घरातले शब्द घ्यावेत : ‘बाप’ (भात), ‘मुल’ (पाणी), ‘सो’ (गाय), ‘शिन’ (पादत्राण), ‘दाल’ (चंद्र), ‘ब्यल’ (तारा). हे सहाही शब्द त्या यादीत जुन्या रूपांत आहेत. ‘अन्यंग’ आणि ‘गामसा’ हे शब्द चिनी मुळांतून आलेले, तर हे अस्सल कोरियन. मग पहिले वाक्य : ‘बाप मगस्सयो?’ आपल्याकडे भेटल्यावर जेवलात का असे विचारतात, तसाच हा कोरियन आपुलकीचा प्रश्न आहे.