देवळालीचे गणितशिक्षक : द. रा. कापरेकर

गणिताची नवी वाट शोधायची तर मोठी पदवी हवी, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो खोटा ठरविणाऱ्या एका शिक्षकाचे आम्ही येथे आदरपूर्वक स्मरण करीत आहोत.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२९ साली ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र घडले नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक म्हणून त्यांनी १९६२ पर्यंत सेवा केली आणि फावल्या वेळी संख्यांचा ध्यास घेतला.

१४२८५७ ही संख्या पाहा. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली, की मूळ संख्याच हाती येते. अशा संख्या आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. ४५ ही त्यांपैकीच : वर्ग २०२५, २० अधिक २५ बरोबर ४५.

तत्कालीन अनेक गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले. कापरेकर मात्र स्वतःच पुस्तिका छापून आपले शोध मांडीत राहिले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

पालकहो, आपल्या पाल्याला वहीवर ४५ चा वर्ग करू द्या. कापरेकरांचा शोध ते स्वतः पडताळून पाहील, आणि पुढची संख्या शोधू लागेल, अशी आम्हांस आशा आहे.