गुणाढ्य : पैठणचा कथाकार

पैठण हे नाव उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांस श्रीएकनाथ महाराजांचे स्मरण होते. कोणास पैठणी आठवते, तर कोणास गोदावरीवरील जायकवाडीचे धरण व त्याचा विस्तीर्ण नाथसागर. परंतु नाथांच्या पूर्वी कित्येक शतके या नगराशी आणखी एका पुरुषाचे नाव जोडले गेले होते. तो पुरुष म्हणजे 'बृहत्कथा' या अद्भुत कथाग्रंथाचा कर्ता गुणाढ्य. छत्रपती संभाजीनगराहून पैठण सुमारे पन्नास किलोमीटर. इतक्या जवळच्या या कथाकाराची कीर्ती एके काळी कंबोडियापर्यंत पोहोचली होती. असे असता त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसावे, हे बरे नव्हे.

हा विषय निवडण्यास दुसरेही एक कारण आहे. राक्षस, जादूची नगरे, आकाशातून उडणारे वीर यांच्या गोष्टी लिहाव्यात अशी हौस पुष्कळ मुलामुलींना असते. मात्र शाळा, शिकवणी, परीक्षा यांतून वेळ कोठून आणावा, अशी त्यांची तक्रार असते. आणि असल्या कल्पित गोष्टींत वेळ दवडू नये, असे त्यांच्या पालकांस वाटते. गुणाढ्याच्या चरित्रात या दोघांनीही विचार करावा असे पुष्कळ आहे.

हे चरित्र आपल्यापर्यंत आले ते मुख्यत्वे काश्मीरच्या सोमदेव पंडिताने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागर' या ग्रंथाच्या आरंभीच्या भागातून. त्यात इतिहास थोडा व नवल फार. तेव्हा जसे सांगितले आहे तसे आम्ही ते येथे थोडक्यात देतो. वाचकांनी त्यातील नवल नवल म्हणूनच घ्यावे.

गुणाढ्याचा जन्म प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, या प्रदेशातील सुप्रतिष्ठित नावाच्या नगरात झाला. त्याची माता श्रुतार्था ही सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणाची कन्या. पिता कीर्तिसेन हा नागकुळातील होता, असे कथा सांगते. माता व दोन्ही मामा लवकरच निवर्तले आणि हे पोरके मूल एकटेच विद्येसाठी दक्षिणेकडे निघाले. सर्व विद्या संपादन करून व नावलौकिक मिळवून तो स्वदेशी परतला, तेव्हा सातवाहन राजाने त्याला आपल्या मंत्रिमंडळात घेतले. हे राज्य लहानसहान नव्हते. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरील हे नगर असून तेथून गाड्या भरभरून माल त्या बंदरास जात असे.

अशा वैभवात असता एके दिवशी एक क्षुल्लक प्रसंग घडला. राजा आपल्या राण्यांसह जलक्रीडा करीत होता. अंगावर पाणी उडवू नये, असे एका राणीने त्याला संस्कृतातून विनविले. 'नको' या अर्थाचा 'मा' व पाणी या अर्थाचा 'उदक' या दोन शब्दांचा संधी होऊन 'मोदक' असा उच्चार झाला. संस्कृत न जाणणाऱ्या राजाने तत्काळ मोदकांची ताटे आणविली! राणी हसली, परिवारही हसला. राजा मात्र खिन्न होऊन अंथरुणाला खिळला व कोणाशी बोलेना.

मंत्र्यांनी त्याचे दुःख ओळखले. गुणाढ्य म्हणाला की, व्याकरण शिकण्यास लोकांस बारा वर्षे लागतात. आपण ते राजास सहा वर्षांत शिकवू. त्यावर शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री म्हणाला की, आपण ते सहा महिन्यांत शिकवू! गुणाढ्यास हे अशक्य वाटले. असे घडल्यास संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा आपण त्याग करू, अशी प्रतिज्ञा त्याने भर दरबारात केली. शर्ववर्म्याने कार्तिकेयाची आराधना करून 'कातंत्र' नावाचे आटोपशीर व्याकरण मिळविले आणि सहा महिन्यांत राजास संस्कृत शिकवून दाखविले. राजाने प्रसन्न होऊन त्याला त्याच भडोचचे राज्य दिले.

येथे शर्ववर्म्यास हिणविण्याचे कारण नाही. कातंत्र व्याकरण हा खरोखरीचा ग्रंथ आहे. त्याचे अध्ययन काश्मीर व बंगाल या प्रांतांत शतकानुशतके चालले, आणि तिबेटी भाषेतही त्याचे रूपांतर झाले. थोड्या काळात साधणारी कामे असतात व ती चांगलीही असतात. परंतु सहा महिन्यांत साधणारे काम एक आणि ज्यास वर्षे द्यावी लागतात ते काम निराळे. दोहोंस एकच माप लावू नये.

प्रतिज्ञेप्रमाणे गुणाढ्याने तिन्ही भाषा सोडल्या. ज्याची सारी प्रतिष्ठा वाणीवर उभी होती, तो मुका झाला. गुणदेव व नंदिदेव या दोन शिष्यांसह तो पैठण सोडून विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाच्चांचे बोलणे ऐकत ऐकत त्याने त्यांची भाषा शिकून घेतली. ही पैशाची भाषा शिष्टांच्या सभेत कोणी तोंडातून काढीत नसे. परंतु तिच्यामुळे गुणाढ्याचे मौन सुटले. काणभूती नामक पिशाच्चाच्या मुखातून त्याने विद्याधरांच्या सात महाकथा ऐकल्या आणि सात वर्षांत सात लक्ष श्लोकांचा ग्रंथ त्याच भाषेत रचला. अरण्यात शाई कोठली? म्हणून त्याने तो आपल्या रक्ताने लिहिला.

आता हा ग्रंथ जगापुढे ठेवावयाचा कोणी? गुणाढ्य नगराबाहेरच्या उद्यानात थांबला व शिष्य पोथी घेऊन सातवाहनाकडे गेले. पण राजास आता विद्येचा गर्व झाला होता. ग्रंथ सात लक्षांचा, भाषा पिशाच्चांची, अक्षरे रक्ताची. असले काही आपल्यास नको, असे म्हणून त्याने शिष्यांस परत लाविले. ज्या संस्कृताच्या अज्ञानाने तो काल लाजला होता, त्याच संस्कृताच्या जोरावर आज तो इतरांस लाजवू लागला!

गुणाढ्य जवळच्या एका टेकडीवर गेला. तेथे त्याने अग्निकुंड पेटविले आणि एकेक पान पशुपक्ष्यांस मोठ्याने वाचून दाखवून अग्नीत टाकण्यास आरंभ केला. हरिणे, डुकरे, रेडे चारा सोडून भोवती बसली व डोळ्यांतून आसवे गाळीत ऐकू लागली. इकडे पाकशाळेत येणारे मांस शुष्क होऊन राजा आजारी पडला. वैद्यांनी आचाऱ्यांस विचारले, आचाऱ्यांनी पारध्यांस; तेव्हा पारध्यांनी टेकडीवरचा वृत्तांत सांगितला. राजा धावत गेला, त्याने गुणाढ्यास ओळखले व पाय धरले. परंतु तोवर सहा लक्ष श्लोक भस्म झाले होते. एक लक्ष तेवढे शिल्लक होते.

हा भाग शिल्लक कसा राहिला, इकडे आम्ही विद्यार्थ्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. वत्सदेशाच्या उदयन राजाचा पुत्र नरवाहनदत्त व त्याचे आकाशसंचारी विद्याधरांवरील साम्राज्य यांची ती कथा गुणदेव व नंदिदेव यांस अतिशय आवडली होती. म्हणून गुरूने तेवढी अग्नीत टाकली नाही. राजाने जे नाकारले ते दोन शिष्यांच्या आवडीने वाचले. उरलेली पोथी राजाच्या स्वाधीन करून गुणाढ्याने देह ठेवला. आणि राजाने त्याच शिष्यांकडून ती कथा समजावून घेतली.

ही झाली कथा. इतिहासात पाहता मूळ बृहत्कथा आज लुप्त झाली आहे. परंतु तिचे ऋण दंडी, सुबंधू व सातव्या शतकातील बाणभट्ट यांच्या ग्रंथांत नमूद आहे. नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा संस्कृत श्लोकसंग्रह, काश्मीरच्या क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी' व सोमदेवाचा 'कथासरित्सागर' हे तिन्ही ग्रंथ तिच्याच परंपरेतले. कंबोडियातील एका प्राचीन शिलालेखातही गुणाढ्याचे नाव आढळते. सोमदेवाने आपला ग्रंथ राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी रचला. आपल्या घरोघरी ठाऊक असलेली वेताळपंचविशीही त्यात समाविष्ट आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८८९ साली हा ग्रंथ छापला.

विद्यार्थिमित्रहो, सात वर्षांत सात लक्ष श्लोक म्हणजे दिवसास पावणेतीनशेंच्या आसपास होतात. हे माप कथेतच शोभावे. आपल्यासाठी दुसरा हिशेब करून पाहू. कथासरित्सागरात एकवीस हजारांहून अधिक श्लोक आहेत. दिवसास दहा श्लोक याप्रमाणे कोणी लिहीत राहिला, तर वर्षास ३६५० होतात आणि सहा वर्षांच्या आतबाहेर एवढा ग्रंथ पुरा होतो. गुणाढ्याने व्याकरणासाठी मागितलेला अवधी तो हाच! पाचवीत असता ज्याने रोज दहा ओळींचा नेम धरला, त्याच्यापाशी दहावीची परीक्षा संपते त्या सुमारास बावीस हजारांच्या जवळपास ओळी जमतील. दहा ओळींस अर्धा तास पुरतो. त्यातील पुष्कळशा टाकाऊ असतील. त्या खुशाल अग्नीत जावोत. ज्या ओळी धाकट्या भावंडांस व सोबत्यांस पुनःपुन्हा ऐकाव्याशा वाटतील, तेवढ्या मात्र जपून ठेवाव्यात.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. मुलाने अभ्यास सांभाळून एखादी अद्भुत गोष्ट लिहून आणली, तर ती परीक्षेस उपयोगी नाही, भाषा शुद्ध नाही, अक्षर बरे नाही एवढ्यावरून ती बाजूस सारू नये. एकदा शेवटपर्यंत ऐकावी. सातवाहनही शेवटी टेकडीवर गेलाच. परंतु तोवर सात भागांतले सहा जळून गेले होते.