रविवार मिळवून देणारा माणूस

आमच्या करंजाड्यातली कितीतरी मुले-मुली पनवेल आणि नवी मुंबईच्या मोठमोठ्या दुकानांत कामाला जातात. सारे जग खरेदीला निघते तो रविवार त्यांच्या सर्वाधिक कष्टाचा वार. रविवारची सुट्टी आपण सूर्योदयाइतकीच स्वाभाविक समजतो. ती एका मराठी माणसाने झगडून मिळविली आहे, म्हणून रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र मला येथे सांगावेसे वाटते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याला झाला. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणीत प्रत्येक वस्तूची नोंद होती; राबणाऱ्या माणसाच्या तासांची मात्र मोजदाद नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. १८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः मुलांपुरता होता.

जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराचे लोखंडे हे निष्ठावंत पाईक. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र चालविले आणि १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्याच होत्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन.

वाट सोपी नव्हती. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनाही हिंदी गिरण्यांवर निर्बंध हवे होते. त्यामुळे कारखाना कायदा म्हणजे देशी धंद्यावर घाला, असे अनेक देशभक्तांनाही वाटे. हा पेच खराच होता. तरीही लोखंडे यांनी कामगाराची बाजू सोडली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढे मुंबईत प्लेग आला. लोखंडे रोग्यांच्या सेवेला धावले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. कष्टकऱ्यांचा मोठा वर्ग आता झगझगीत दुकानांत दिवसभर उभा असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान सातही दिवस उघडे ठेवण्यास मोकळीक दिली, परंतु कामगाराची साप्ताहिक सुट्टी कायम ठेवली. ती रविवारीच हवी असे नाही, पण हवीच. दुकान बंद नसते म्हणून ही सुट्टी आता कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि गर्दीच्या दिवसांत ती मुकाट्याने बुडविणे सोपे जाते, असे मला वाटते.

आपल्यापैकी अनेकजण उद्या अशाच नोकऱ्या पत्करतील. कामावर रुजू होताना त्यांनी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : माझी सुट्टी कोणत्या वारी, आणि माझा पगार कोणत्या तारखेला? लोखंडे यांनी १८८४ मध्ये हेच दोन प्रश्न हजारो सह्यांनिशी विचारले होते. आपल्याला ते निदान एकट्याने विचारता यावेत.