विश्लेषण : छातीवर चेंडू बसला, दात पडले, तरी क्रीज सोडली नाही… सी. के. नायडू दुखापतींशी कसे झुंजले?

मानवतच्या गल्लीत टेनिस चेंडूवर वाढलेला पोरगा पहिल्यांदा लेदरचा चेंडू अंगावर घेतो, तेव्हा त्याला कळते की हे प्रकरण वेगळे आहे. आज निदान हेल्मेट, छातीचे पॅड, फिजिओ तरी असतात. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कोट्टारी कनकय्या ऊर्फ सी. के. नायडू खेळले तेव्हा यातले काहीही नव्हते. पॅड, ग्लोव्हज आणि डोक्यावर टोपी, एवढ्यावरच सगळा कारभार.

नायडू कोण होते?

३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात एका तेलुगू भाषक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिडशिडीत, उंच बांध्याचा उजव्या हाताचा फलंदाज आणि संथ-मध्यम गतीचा गोलंदाज. १९१६ मध्ये हिंदू संघाकडून ते प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये उतरले. तेव्हा मानवत निजामाच्या राज्यात होते आणि क्रिकेटही संस्थानिकांच्याच आश्रयाने चालायचे. नायडूंना इंदूरच्या होळकरांनी आपल्याकडे नेले, फौजेत हुद्दा दिला. पुढे त्यांच्या कारकिर्दीत होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला.

षटकार मारणारा म्हणून त्यांचे नाव इतके मोठे की गोलंदाज नायडू लोक विसरतात. प्रथम श्रेणीत त्यांच्या ११ हजारांहून अधिक धावा आणि ४०० वर बळी आहेत. १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यात या खेळीचा वाटा मोठा मानला जातो.

पहिल्याच कसोटीत हात दुखावला, मग काय झाले?

२५ जून १९३२, लॉर्ड्स. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते, पण या सामन्यात नेतृत्व नायडूंकडे आले. राजघराण्याबाहेरच्या माणसाच्या हाताखाली खेळायला काही खेळाडू नाखूश होते, असे सांगितले जाते. म्हणजे मैदानात उतरण्याआधीच डोक्याला ताप.

क्षेत्ररक्षण करताना झेल घेण्याच्या प्रयत्नात नायडूंचा हात दुखावला. नझीर अली आणि फिरोज पालिया यांचेही पाय दुखावले. तरीही नायडू फलंदाजीला आले आणि पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा केल्या. भारत १५८ धावांनी हरला.

यापेक्षा मोठी गोष्ट त्या दौऱ्याचा एकूण हिशोब सांगतो. नायडू प्रथम श्रेणीचे सर्व २६ सामने खेळले. १,६१८ धावा, ६५ बळी. तेही वयाच्या ३६व्या वर्षी! आजच्या भाषेत ‘वर्कलोड मॅनेजमेंट’ हा शब्दच तिथे नव्हता. १९३३ मध्ये ‘विस्डेन’ने वर्षातील पाच क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली.

ओव्हलवर छातीवर चेंडू

१९३६ च्या दौऱ्यात कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे ‘विझी’ यांच्याकडे गेले. संघात गटबाजी माजली, लाला अमरनाथ यांना तर दौऱ्याच्या मध्यातच घरी पाठवले गेले. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत भारतावर फॉलोऑनची नामुष्की आली. दुसऱ्या डावात गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू नायडूंच्या छातीवर, हृदयाच्या जवळ आदळला. ते कळवळले, सावरले आणि पुन्हा उभे राहिले. ८१ धावा केल्या. तेव्हा ते चाळिशीत होते आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली.

मैदान सोडले असते तर?

इथे एक आकडा लक्षात ठेवायला हवा. १९३२ ते १९३६ या काळात भारताने एकूण सातच कसोटी सामने खेळले आणि नायडू त्या सातही सामन्यांत होते. पुढची कसोटी भारत थेट १९४६ मध्ये खेळला, मध्ये महायुद्ध आले. आजचा खेळाडू एक मालिका हुकली तर पुढच्या महिन्यात परततो. नायडूंसाठी एक सामना सोडणे म्हणजे कारकिर्दीचा सातवा हिस्सा सोडणे होते. त्यांच्या सहनशक्तीचे कौतुक करताना ही मजबुरी विसरून चालत नाही.

मात्र मजबुरी हे पूर्ण उत्तर नाही. पन्नाशी उलटल्यावर मुंबईविरुद्धच्या रणजी सामन्यात कोल्हापूरच्या दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला. दोन दात पडले. त्यांनी बॅटने ते खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुढच्या चेंडूसाठी उभे राहिले, असा किस्सा क्रिकेटवर्तुळात सांगितला जातो. इथे कुठली कसोटी पणाला नव्हती. हा त्यांचा स्वभावच होता, आणि हाताखालच्या खेळाडूंकडूनही ते हीच अपेक्षा ठेवत. शिस्तीच्या बाबतीत सैलपणा नाही.

आज असे खेळू दिले असते का?

नाही. डोक्याला किंवा चेहऱ्याला मार लागला की आता लगेच डॉक्टर मैदानात येऊन तपासणी करतात. २०१९ पासून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू देण्याचा नियम आहे. तो उगाच आलेला नाही. १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथ यांच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. जीव वाचला, पण कसोटी कारकीर्द तिथेच संपली. नायडू नशीबवान होते, हेही मान्य करायला हवे.

शेवटचा सामना कधी?

१९५६ मध्ये पद्मभूषण मिळाले, त्यानंतरही त्यांनी पॅड उतरवले नाहीत. १९५६-५७ च्या मोसमात, वयाच्या ६१व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. १९६३-६४ मध्ये नागपुरात, जन्मगावीच, एका मदतनिधी सामन्यात ६८ वर्षांचे नायडू अखेरचे प्रथम श्रेणी सामन्यात उतरले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले. राज्य संघांच्या युवा खेळाडूंसाठी बीसीसीआय जी स्पर्धा घेते, तिचे नाव आजही कर्नल सी. के. नायडू करंडक आहे.