वाल्डेमार हाफकिन : एका बाटलीने हिरावलेली कीर्ती

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या उपकेंद्रात दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलेंट लस टोचली जाते, तेव्हा घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ कावीळ आणि हिब जंतूंमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून संरक्षणाची सुरुवात एकाच सुईने होते. या पाचांपैकी धनुर्वातानेच परळच्या हाफकिन संस्थेचे संस्थापक वाल्डेमार हाफकिन यांची कीर्ती हिरावून घेतली होती.

१५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात हाफकिन यांचा जन्म झाला. मेचनिकॉफ यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे धडे गिरवले. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले, ते साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. तेथे त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये हीच लस घेऊन ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. सरकारने पाचारण केल्यावर हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह अहोरात्र काम केले. अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस घेऊन अनुयायांची भीती घालवली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

यशाच्या या शिखरावर असतानाच घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सारे एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना अपाय झाला नाही. तरीही ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुढे आली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. ते कलकत्त्यास परतले. पण पूर्वीचे स्थान त्यांना पुन्हा लाभले नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुल्कोवालचा धडा आजही तितकाच लागू आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. उपचारांनंतर मुले बरी झाली. दोष लसीचा नव्हता, हाताळणीचा होता. पेंटाव्हॅलेंटच्या एका कुपीतून दहा बालकांना मात्रा मिळतात. त्या कुपीबरोबर दहा घरांचा विश्वासही आरोग्यसेविकेच्या हाती असतो. तो एका बाटलीने कसा तुटतो, हे हाफकिन यांनी आयुष्याची किंमत मोजून अनुभवले.