वासुदेव बळवंत फडके : दत्तभक्त की दरोडेखोर?

श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहात दहावा अध्याय आला की घरातली लहान मुलेसुद्धा खेळ सोडून जवळ येऊन बसतात. वल्लभेश ब्राह्मण नवस फेडायला कुरवपुराला निघाला, वाटेत यात्रेकरूंच्या वेषातले चोर त्याच्याबरोबर चालू लागले, त्यांनी त्याचा शिरच्छेद करून द्रव्य घेतले, आणि श्रीपाद श्रीवल्लभ त्रिशूळ घेऊन धावून आले. आपण सगळ्यांनी ही कथा किती वेळा ऐकली असेल! त्यातला तो एक चोर मात्र माझ्या मनात राहतो. आपल्याला ठाऊक नव्हते, आपण नुसतेच यांच्या संगतीला आलो, असे तो काकुळतीने सांगतो आणि महाराज त्याला सोडतात. एवढेच नाही, वल्लभेशाचे शिर धडाला जोडायचे काम त्याच्याच हातून करून घेतात. म्हणजे चोरांमध्येसुद्धा प्रत्येकाचा हिशेब महाराजांनी वेगळा केला.

आज ज्यांचे चरित्र सांगायचे आहे ते वासुदेव बळवंत फडके हेही दत्तभक्त. पण त्यांच्या गोष्टीत दत्तभक्त दरोडा घालणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. सरकारी कागदात त्यांची नोंद दरोडेखोर म्हणून झाली, आणि आपण त्यांना आद्य क्रांतिवीर म्हणून हार घालतो. हार घालताना दरोड्याचा भाग आपण जरा भरभर वाचतो, हे खरे ना?

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा. आजोबा अनंतराव कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. किल्ला इंग्रजांकडे गेला, पण घरात त्याच्या गोष्टी राहिल्या. वासुदेवराव मात्र पोटासाठी कारकून झाले. आधी रेल्वेत आणि मग पुण्याला लष्करी हिशेब खात्यात. लाल शाईने आकडे तपासायचे, बेरजा जुळवायच्या, साहेबाची सही घ्यायची. मीही जन्मभर हेच केले, म्हणून सांगतो, या कामात माणूस बंडखोर होईल असे कोणाला वाटत नाही.

शिरढोणला आई आजारी पडली. रजेचा अर्ज दिला, पण रजा वेळेवर मिळाली नाही. शेवटी ते तसेच निघाले, तर घरी पोचेपर्यंत आई गेलेली. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धालाही रजा नाकारली. बँकेत माझ्या टेबलावरून कितीतरी जणांचे रजेचे अर्ज पुढे सरकले, आणि काही मी सहज उद्यावर टाकले. वासुदेवरावांचे चरित्र वाचल्यापासून त्या अर्जांची आठवण बरी वाटत नाही.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या नरसोबाच्या देवळात त्यांचे बिऱ्हाड होते. श्रीदत्तात्रेयांची उपासना नेमाने चाले. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते शस्त्रविद्या शिकले. रानडे आणि सार्वजनिक काका यांच्या स्वदेशीच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम झाला. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी शाळा काढली, तीच पुढे भावे स्कूल म्हणून नावारूपाला आली. पहिली पत्नी वारल्यावर गोपिकाबाईंशी लग्न झाले. त्यांना त्यांनी लिहावाचायला तर शिकवलेच, पण घोड्यावर बसायला आणि हत्यार चालवायलाही शिकवले. त्या काळात!

अक्कलकोटची हकिगत संप्रदायात अशी सांगतात. वासुदेवराव श्रीस्वामी समर्थांच्या दर्शनाला गेले आणि तलवार त्यांच्यापुढे ठेवली. स्वामींनी ती स्वहस्ते परत दिली तर कामाला आशीर्वाद मिळाला, असे मनात धरले होते. स्वामींनी ती सेवेकऱ्याकडून झाडावर ठेववली. वेळ आली नाही, हा त्याचा अर्थ. वासुदेवरावांना तो कळला, पण झाडावरची तलवार त्यांनी आपल्या हाताने काढून घेतली आणि ते निघाले. संप्रदायातली माणसे ही गोष्ट स्वामींच्या अंतर्ज्ञानाची म्हणून सांगतात, तर वासुदेवरावांवर प्रेम करणारी माणसे त्यांच्या निर्धाराची म्हणून. गोष्ट एकच, पण सांगणारा बदलला की पारडे फिरते.

१८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी गावोगाव हिंडून डोळ्यांनी पाहिला. माणसे अन्नावाचून मरताना पाहून त्यांचा जीव नोकरीत राहिला नाही. पुण्यातली शिकलेली, पैसेवाली मंडळी साथ देईनात. मग ते रामोशांकडे वळले. रामोशी म्हणजे मुळात किल्ल्यांची आणि गावांची राखण करणारे लोक. इंग्रजी अमलात त्यांची वतने आणि कामे गेली. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिलेले त्यांच्या वस्तीत कोणी विसरले नव्हते.

फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा पडला. पुढे आणखी गावे झाली. बेत असा की लुटीच्या पैशातून मोठी फौज उभारायची आणि राज्य उलथवायचे. पण फौजेच्या पगाराला पुरेल एवढा पैसा हाती येईना, आणि आलेला वाटण्यातच संपे. ज्यांची दारे फोडली ती घरेही आपल्याच लोकांची होती. सावकार असतील, पण त्या रात्री त्या घरातल्या बायकापोरांनी काय पाहिले असेल? माझी आजी लहानपणी ऐकलेल्या दरोड्याच्या गोष्टी सांगायची. त्यात दरोडेखोर कोणत्या हेतूने आला हे कधीच नसायचे. कडी कशी वाजली, दिवा कोणी विझवला, एवढेच.

हे वासुदेवरावांना कळत नव्हते असे मात्र नाही. त्याच उन्हाळ्यात ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले, देवापुढे देह ठेवायचा असे ठरवून. तिथे बसून त्यांनी आत्मचरित्र लिहिले. आपल्या माणसांचे लक्ष देशापेक्षा पैशाकडे आहे, ही व्यथा त्यात आहे. काम हातून झाले नाही म्हणून देशबांधवांची क्षमाही मागितली आहे. दरोडे मात्र लपवलेले नाहीत. रोजनिशीही ते ठेवीत. हिशेब खात्यातला माणूस!

मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या टोळीने कोकणात पळस्पे आणि चिखली इथे सुमारे दीड लाखाची लूट केली. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि दौलतराव गोळीने पडले. त्याच सुमारास पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटला. सगळ्यांनी वासुदेव बळवंतांचे नाव घेतले. इंग्रजांनी रागाने घेतले, पुणेकरांनी कौतुकाने. चौकशीअंती निघाले भलतेच. सरकारी पुस्तक भांडारातल्या एका नोकराने अफरातफर झाकायला आग लावली होती. आपल्या खात्यातली तूट दुसऱ्याच्या नावावर टाकायचा प्रकार नवा नाही.

सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, तर त्यांनी उलट गव्हर्नर टेंपलच्या शिरावर लावले. निजामाच्या मुलखात रोहिल्यांची फौज उभारायची खटपट चालू होती. त्यात गाणगापूरलाही ते आले. नृसिंहसरस्वतींच्या निर्गुण पादुकांपुढे त्यांनी काय मागितले असेल, हे त्यांच्या मनालाच ठाऊक. जुलै १८७९ मध्ये कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावडगी इथे, तापाने फणफणलेले असताना झोपेतच ते पकडले गेले. जवळच आत्मचरित्र आणि रोजनिशी सापडली.

पुण्यात खटला चालला. वकीलपत्र घ्यायला कोणी धजेना तेव्हा सार्वजनिक काका उभे राहिले. अपिलात महादेव चिमणाजी आपटे होते, ज्यांनी पुढे आनंदाश्रम संस्था काढली आणि आपले कितीतरी धर्मग्रंथ छापले. पण साक्षीदारांपेक्षा भारी ठरले ते वासुदेवरावांचे स्वतःचे अक्षर. राज्याविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. आज आपल्याला ते आत्मचरित्र मिळते ते सरकारने खटल्यासाठी करवलेल्या इंग्रजी भाषांतरातून. म्हणजे त्यांची खरी हकिगत जपली कोणी, तर ज्यांनी त्यांना शिक्षा केली त्यांनी. त्यांनी लिहिलेच नसते तर सरकारी कागदातला दरोडेखोर आणि आपल्या भाषणातला निष्कलंक वीर एवढेच उरले असते.

जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेले. एकदा त्यांनी कोठडीचे दार बिजागरीतून उखडून काढले आणि तुरुंगाबाहेर पळाले. ओळखीचे माणूस नाही, भाषा नाही, सगळीकडे उजाड डोंगर. थोड्याच वेळात पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांचा देह पडला. वय सदतीस.

शिरढोणला त्यांचे घर आहे. पनवेलहून पळस्पे फाट्यावरूनच तिकडे जावे लागते.